वाचलेलं बघू नये

...आणि वर मलाच विचारतात, "ज्योतीराम, एवढं काय झालं रे? सिनेमाच तर होता!" सिनेमाच तर होता! अहो, माझं काय गेलं ते माझं मला ठाऊक, आणि हे म्हणतात सिनेमाच तर होता. नाही, मी चिडलेलो नाही. चिडायला अंगात जोर लागतो, तो आता राहिला नाही. मी दमलोय. तुम्ही बरे लोक दिसता, निवांत बसलाय, म्हणून तुम्हाला सांगतो, आयुष्यात वाट्टेल ते करा, भावकीत भांडा, उन्हात चाला, पण एक गोष्ट करू नका... वाचलेलं बघू नये हो. वाचलेलं बघू नये!

मी राहतो पिंपरीत, नदीकडच्या आळीत. नोकरी आपली औषधाच्या कारखान्यात, बाटल्या धुवायच्या खात्यात. मूळचा मी पारनेरकडचा, कारखाना निघाला तसा इकडं आलो. आता बाटल्या धुणं म्हणजे काय, तर धुतलेली बाटली परत धुवायची, मग ती कुणीतरी उजेडात धरणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "परत." रोजचं हेच. अशा माणसाला संध्याकाळी काय पाहिजे, सांगा बरं? जिथं एकही बाटली नाही अशी जागा पाहिजे! ती जागा मला सापडली होती. पुण्यात रद्दीच्या दुकानात सापडली. 'काजळवनाची राणी', भाग एक ते पाच, पहिल्या भागाला पुठ्ठा नाही, तिसऱ्याला वाळवी लागलेली, आणि आत एकसुद्धा चित्र नाही. दुकानदार म्हणाला, "चित्रं नाहीत, बघून घ्या." मी म्हटलं, "तेच बरं." बघा, तेव्हा माझी अक्कल शाबूत होती.

अद्भुत कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्यात. 'पाचूचं विमान' वाचली, 'सात पडद्यांची विहीर' वाचली, विहिरीतलं तर मला अजून आठवतं, पाचव्या पडद्याशी मी इतका घाबरलो होतो की शिफ्टला उशीर झाला. पण काजळवनाची सर कशालाच नाही. तिच्यात डोंगऱ्या नावाचा राक्षस आहे, तो खांद्यावर अख्खा डोंगर धरून उभा, हात गुंतलेले, त्यामुळं नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही. तिच्यात त्रिजिव्ह नावाचा पोपट आहे, तीन जिभांचा, एक जीभ खरं बोलते, एक खोटं बोलते आणि तिसरी नुसतीच टोमणे मारते. राजपुत्र रत्नध्वज आहे, त्याचा घोडा आहे. आणि राणी मेघावली... राणीचं जरा थांबून सांगतो.

तर मी ओट्यावर कंदील घेऊन वाचायचो, मोठ्यानं, सोंगं वठवून. वाचता येणारे आळीत थोडे, ऐकणारे सगळे. सोनबा यायचे, हे इथलेच जुने, पवनेकाठी यांचा मळा. आमचा नवाब यायचा, सायकलींचं दुकान आहे त्याचं, पंक्चर काढून थेट यायचा, हाताला सोल्यूशनचा वास. त्याची आई रहमतबी यायची, ती फक्त पोपटासाठी. बाकी काही चालू असलं की डुलकी काढायची, पोपट आला की कुणीतरी हलवायचं, "रहमतबी, मिठू!" की लगेच ताठ! आणि आमची ही, सावित्री. ही बाहेर येऊन बसायची नाही. "मला कुठं वेळ आहे असलं ऐकायला!" म्हणून आत चुलीपाशी पाठ करून बसायची, दार मात्र उघडं. पण राजपुत्र भोवऱ्यात सापडला की आतली भांडी वाजायची थांबायची.

या लेखकाची एक खोड होती. चांगलं काही आलं की तो लिहायचा, "त्या महालाचे वर्णन करण्यास शब्द अपुरे आहेत." झालं! सुटला तो! पण तिथंच तर सगळी गंमत होती हो. मी एवढं वाक्य वाचून थांबायचो, पान उलटायच्या निमित्तानं, आणि तेवढ्यात जो तो आपापला महाल बांधून घ्यायचा. सोनबांच्या महालात गोठा होता, त्यांनीच सांगितलं, "महाल म्हनल्यावर जनावरं नकोत व्हय?" रहमतबीच्या महालात पाणी धो धो, आडावर जायलाच नको. नवाबच्या महालात गुळगुळीत फरशी, कारण एकदा तो म्हणाला, "एवढ्या लांब सज्ज्यात सायकल काय पळेल, भाऊ!" एकाच पुस्तकात एवढे महाल, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही.

आणि राणी मेघावली. पुस्तकात काय आहे, तर ती सावळी, उंच, रुंद कपाळाची, बोलते कमी, पण जिच्या नुसत्या बघण्यानं काजळवनातलं पान हलायचं थांबतं अशी. आता तुम्ही मला सांगा, हे वाचल्यावर मला कोण दिसणार? अहो, आमच्या लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा माझं हेच झालं होतं! ती माझ्याकडं एकदा बघून खाली बघायला लागली आणि वाजंत्री चालू होती ती मला ऐकूच येईना. पुढं मग संसार, बदली पाळी, रॉकेल, शेगडी... ती मला दिसते रोज, पण तशी दिसत नाही. तशी दिसायची ती काजळवनात. तिसऱ्या भागात ती हरणावर बसून नदी ओलांडते, तेव्हा ती माझी सावित्री असायची, आणि मी ओट्यावर बसून वाचताना आत चुलीपाशी तिची पाठ दिसायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिलासुद्धा नाही. बायकोला असलं काही सांगायची आपल्यात रीत आहे का? ती म्हणाली असती, "ताप आहे का अंगात?"

असं सगळं सुरळीत चाललेलं. आणि एके दिवशी नवाब सायकल दामटत आला, "ज्योतीरामभाऊ, आपली राणी तंबूत आली!"

रंगराव म्हणून एक तंबूवाले आहेत. खेड, चाकण करत त्यांचा सिनेमाचा तंबू फिरतो. तो नदीपलीकडं काळेवाडीच्या माळावर लागला, आणि खेळ कुठला, तर 'काजळवनाची राणी'! टांग्यावर कर्णा लावून ओरडत फिरले, "मायावी महाल! भयंकर राक्षस! भरपूर गाणी!" गाणी? पाची भागांत मिळून एक गाणं नाही हो! राणी बोलतच नाही तर गाईल कुठनं? मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण नाही. आळीच्या आळी नटून निघाली. आमची हीसुद्धा निघाली, वेळ नसणारी! ठेवणीतलं लुगडं काढलं, रहमतबीचा हात धरला आणि आमच्या पुढं. मी आपले पाची भाग पिशवीत घातले. कशाला? मला काय माहीत! लग्नाला जाताना मुलीकडचा माणूस बरोबर असावा, तसं वाटलं.

दिवेलागणीचा खेळ. बायका दोरीच्या त्या बाजूला, पुरुष या बाजूला, खाली मैदान. पडद्यावर महाल आला... अहो, कापडावर रंगवलेले खांब! राजपुत्र खांबाला टेकला तर खांब मागं गेला! शब्द अपुरे होते ते इथं कापड अपुरं पडलं. राजपुत्राचं काय सांगू, पोट सुटलेलं, मिशी कोरलेली, आणि बोलणं सगळं नाकातनं. डोंगऱ्या राक्षस आला, खांद्यावर डोंगर नाहीच, नुसतीच गदा, आणि दंडावर हे एवढाले देवी काढल्याचे वण! राक्षसाला लस कुणी टोचली? सोनबा खवळले, "आरं, ह्याचं हात मोकळं हायेत! मग ह्यो नाक का न्हाई खाजवत?" आणि पोपट? पोपट नाहीच! पोपटाच्या जागी एक विनोदी माणूस, तो धोतरात पाय अडकून पडतो. परत उठतो. परत पडतो.

आणि मग राणी आली. गोरीपान, गुबगुबीत, कपाळावर कुरळ्या बटा, डोळे गरागरा, आणि आल्या आल्या झाडाला धरून गायला लागली. पान हलायचं थांबणं राहिलं बाजूला, झाड मुळापासनं हलत होतं. मी डोळे मिटून घेतले. मिटले खरे, पण उशीर झाला होता. वाचलेलं बघू नये हो...

आता तंबूतली एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मशीन एकच असतं. एक रीळ संपलं की बत्ती लागते, ऑपरेटर घाम पुसत दुसरं चढवतो, तोवर लोक विड्या ओढतात, शिट्ट्या मारतात, ऑपरेटरच्या घराण्याची चौकशी करतात. तर त्या विनोदी माणसाचं रीळ संपलं, बत्ती लागली आणि दोरीपलीकडनं रहमतबीचा आवाज आला, रडवेला अगदी, "ज्योतीराम, बेटा, माझा मिठू कुठं गेला रे?" सगळा तंबू माझ्याकडं बघतोय! म्हातारीचं ते तोंड मला बघवेना. मी पिशवीतनं दुसरा भाग काढला, बत्तीकडं धरला आणि पोपटाचं पान वाचलं. तिन्ही जिभांनी वाचलं, सोंगासकट. मागनं कोण तरी ओरडलं, "मोठ्यानं!" मग उभा राहून वाचलं. पोपट टोमणा मारतो तिथं अख्खा तंबू हसला, पलीकडनं रहमतबीचं हसू मला वेगळं ऐकू आलं. बत्ती गेली, दुसरं रीळ सुरू झालं. ते संपलं तसे सोनबा म्हणाले, "आता डोंगऱ्याचं वाच. ह्येनी त्याची पार रया घालवली." वाचलं. मग रीळ संपलं की वाचायचं, असं ठरूनच गेलं. पडद्यावर जे चुकलं ते मी मधल्या उजेडात दुरुस्त करतोय आणि परत अंधार झाला की ते परत चुकतायत!

रंगराव धावत आले, "कोण आहे तो भाषण करणारा? खेळ पाडतो का माझा?" मी म्हटलं, चला, सुटलो, आता हाकलतील. पण ते उभे राहिले, बघतात तर काय, रीळ बदलताना एक शिट्टी नाही, ऑपरेटरला एक शिवी नाही, माणसं गप्प बसून ऐकतायत. रंगरावांनी डोकं खाजवलं. एकदम आवाज मऊ! "मास्तर," म्हणाले, मी मास्तर नाही, बाटल्या धुतो, "मास्तर, उद्या जरा पुढं बसा. बत्तीच्या खाली."

दुसऱ्या दिवशी टांगा ओरडत फिरला, "भरपूर गाणी! आणि मधल्या वेळात मूळ कादंबरीतला अस्सल मजकूर!" अस्सल मजकूर म्हणजे मी! मी म्हटलं, जायचं नाही. तर सोनबा दारात उभे, "चल की रं. तू न्हाई आलास तर लोकांला वाटंल, राक्षस त्यो तसलाच हाय." गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो. रहाटणीची माणसं ऐकायला आली, म्हणून चौथ्या दिवशी गेलो. खात्यात मुकादम विचारायला लागला, "आज पोपटाचं आहे का रे?" ज्या माणसाला तो सिनेमा एकदा सहन झाला नाही, त्या माणसानं तो रोज बघितला, तंबू उठेपर्यंत, अगदी पुढं बसून! प्रत्येक खेळाला ती बाई झाडाला धरून गायली, आणि मी तोंड फिरवावं तर मागं सगळी काळेवाडी. गाणीसुद्धा पाठ झाली मला. बाटल्या धुताना तोंडात येतात. स्वतःच्या तोंडात, हो!

एकदाचा तंबू उठला, देहू की कुठं गेला. मी म्हटलं, सुटलो. ओटा झाडला, कंदील पुसला, पाचवा भाग काढला. मंडळी बसली. आता सगळं पूर्वीसारखं होणार, म्हणून मी वाचायला सुरुवात केली, राजपुत्र बोलला, तर नवाब म्हणतो, "भाऊ, नाकातनं नाही घेतलं?" मी म्हटलं, नाकातनं का? तर म्हणे, "तो तसाच बोलतो ना." पुढं गेलो. सोनबा म्हणाले, "हितं गाणं हाय की. गाळलंस व्हय?" हेच ते सोनबा! राक्षसासाठी तंबू डोक्यावर घेणारे! म्हटलं, "सोनबा, तुमच्या महालातला गोठा कसा आहे?" तर म्हणे, "आता कसला गोठा? त्ये खांब हालत्यात तितं जनावर कोन बांधंल?" रहमतबीचा मिठू तेवढा वाचला, तो सिनेमात नव्हता म्हणून. तिला खुशाल डुलकी लागली.

पण त्यांचं काय घेऊन बसलात, माझं ऐका. पान उलटलं, आणि राणी मेघावली आली. आली... आणि तीच आली! कुरळ्या बटा, डोळे गरागरा! मी वाक्य परत वाचलं, सावळी, उंच, रुंद कपाळाची, छापलेलं आहे हो समोर, आणि दिसतंय काय, तर ती गुबगुबीत बाई झाड हलवतीये! तुम्हाला हसू येईल, पण मला रडू यायचं बाकी होतं. कारण माझ्याकडं अंतरपाटाच्या वेळचा काही फोटोबिटो नाही. कुठला फोटो, आणि पारनेरात कुठला फोटोवाला! ती तेवढी एक जागा होती, जिथं सावित्री मला तशी दिसायची, आणि तिथं आता दुसरीच येऊन बसली होती. उठेचना.

मग मी एक युक्ती केली. वाचायच्या आधी आत जाऊन सावित्रीकडं नीट बघून यायचं, चेहरा डोळ्यांत धरायचा आणि न सांडता ओट्यावर आणायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काय पाहिजे?" म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भाकरी करपली का?" तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही नीट सांगणार आहात का मी गावाकडं कळवू?"

मग सांगितलं. काय करणार? बाहेर मंडळी यायची होती, आत आम्ही दोघंच, तव्यावर भाकरी. म्हटलं, "अगं, ती राणी मेघावली... ती मला इतकी वर्षं तूच दिसायचीस. लग्नातली. आणि त्या मेल्या सिनेमानं ती घालवली. आता ती बाई दिसते. मला नको आहे ती." एका दमात सांगून टाकलं आणि भिंतीकडं बघत उभा राहिलो. म्हटलं, आता हसेल. हसली नाही. भाकरी उलटली. पदरानं डोळे पुसले, धूर होता तसा, पण डोळे पुसले. आणि हळूच म्हणाली, "मला वाटायचं, मला एकटीलाच तसं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! तो राजपुत्र. मला कायम तुम्हीच दिसायचात."

तुम्हाला खरं सांगतो, माझ्या पायाखालची जमीन सरकली! मी! घोड्यावर! रत्नध्वज! इतकी वर्षं तिथं चुलीपाशी पाठ करून बसायची ती, आणि भोवऱ्यात पडायचो तो मी! भांडी थांबायची ती माझ्यासाठी! छाती अशी भरून आली, वाटलं, सिनेमा झाला ते बरंच झालं, नाहीतर हे कधी कळलंच नसतं. मी जरा पुढं सरकलो, म्हटलं, "मग... तुझंही तेच झालं का गं? आता तो सिनेमातला दिसतो?"

"हो."

"मिशीवाला?"

"हो ना."

"मग तुलासुद्धा वाईट वाटत असेल."

सावित्रीनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. ती फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सुरुवातीला वाटलं."

सुरुवातीला!

आता ती बाहेर येऊन बसते. पाठ करून नाही, समोर. वेळ आहे म्हणते. आणि मी वाचतो. दिवसभर बाटल्या धुतो आणि संध्याकाळी त्या मिशीवाल्याची सगळी प्रेमाची भाषणं माझ्या तोंडानं माझ्या बायकोला वाचून दाखवतो. परवा जरा दमलो होतो, भरभर वाचायला लागलो, तर मला थांबवलं. म्हणाली, "अहो, सावकाश... त्याला घोड्यावरनं उतरू तर द्या!"

थांबतो मग मी. तो उतरतो. मग पुढचं वाचतो.